साहेबांपेक्षा जास्त नाही

४ मार्च

धाकटे,

पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. आशीर्वाद आहेत, पण आज मनापासून नाहीत.

फोनवर मी ओरडते आणि तू फोन ठेवतेस. म्हणून पत्र. यात तुला मध्येच तोंड घालता येणार नाही.

आज ह्यांना घेऊन माजी सैनिकांच्या उपचारकेंद्रात गेले. वेदना कक्षाच्या दारावर कागद चिकटवलेला. जूनअखेर कक्ष बंद होणार. कारण काय, तर ताज्या संशोधनानुसार माजी सैनिकांचं जुनाट दुखणं सौम्य असून त्यासाठी वेगळा कक्ष चालवण्याची गरज दिसत नाही. मी फिजिओबाईंना मोठ्यानं विचारलं, "हे कुठल्या दीडशहाण्याचं संशोधन?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "अहो, तुमच्या बहिणीचंच ना ते?"

सगळा कक्ष ऐकत होता. मला तोंड लपवायला जागा नव्हती.

सौम्य! हा शब्द तुझा की तुझ्या वरिष्ठांचा? तू कॉलेजात असताना आमच्याकडे राहत होतीस. ह्यांचा डावा पाय तू पाहिलेला आहेस. गाडी उलटली, पाय खाली अडकला, हाड जुळलं, क्ष-किरणाच्या फोटोत सगळं झकास आणि पायाची आग मात्र आजतागायत चालू. पांघरूण टेकलं तरी हे कळवळतात. म्हणून फळांच्या प्लास्टिकच्या क्रेटची एक बाजू कापून ते आम्ही अंथरुणात पालथं ठेवतो आणि त्याच्या आत पाय. ते क्रेट कापलं कोणी? तू. माझी भाजी चिरायची सुरी बोथट करून ठेवलीस तेव्हा.

त्या कक्षात काय करतात तेही ऐक, तुझ्या संशोधनात आलं नसेल तर. फिजिओबाई पायावर आधी नुसता कापूस फिरवतात. कातडीला सवय झाली की मऊ कापड. मग जाडंभरडं. मग टॉवेल. किती महिने हे कापसावरच अडकले होते. आता टॉवेलपर्यंत आलेत. त्याच्यापुढे मोजा आहे. भर दिवसा मोजा घालून, दात न आवळता चालायचं, एवढीच ह्यांची या जन्मातली महत्त्वाकांक्षा उरली आहे, आणि ती तू जूनअखेर बंद करणार. दुसरं केंद्र आहे, पण तिथवरच्या बसमध्ये पाय खाली सोडून बसणं ह्यांना जमत नाही.

गावात तुझे लोक येऊन गेले, तूही येऊन गेलीस म्हणे. बहिणीच्या घराची पायरी चढली नाहीस. का?

उत्तर दे.

तुझी ताई


१९ मार्च

धाकटे,

तुझं उत्तर मिळालं. छापील अक्षरात! कार्यालयाचा शिक्का तेवढा राहिला.

घरी आली नाहीस कारण भावोजी त्या अभ्यासात होते आणि नातेवाइकानं लांब राहायचं असा नियम आहे. बरं. नियम मानला. प्रश्नही तू विचारले नाहीस, तुझ्या सहायकांनी विचारले. तेही मानलं. पण पुढे लिहितेस, 'ताई, मी माझ्या पदरचं काही लिहिलेलं नाही. त्यांनीच जे आकडे सांगितले तेच मांडले आहेत. रागानं आकडे बदलत नाहीत.' हे वाचून माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. पत्र चुरगाळलं, टाकलं, परत उचलून इस्त्री केल्यासारखं हातानं सरळ केलं, कारण पुढचं वाचायचं राहिलं होतं. पुढे लिहिलंस की कुणी कोणता आकडा सांगितला हे तू सांगू शकत नाहीस.

नको सांगूस. माझ्या घरातला माणूस आहे, मी विचारते.

जेवताना विचारलं. "अहो, त्या पोरांनी शून्यापासून दहापर्यंत किती दुखतं म्हणून विचारलं, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत?"

"सांगितलं काहीतरी."

"काहीतरी म्हणजे किती?"

"तीन."

माझ्या हातातला घास हातातच राहिला. "तीन? सकाळी मांजराची शेपूट पायाला लागली तर डोळ्यांत पाणी आलं तुमच्या. हे तीन?"

"अगं, ते पाणी वेगळं."

"पाण्याचेही प्रकार असतात का?"

त्यावर हे उठले आणि सायकलीत हवा आहे का ते बघायला गेले. सायकल आम्ही केव्हाच विकली आहे. बाहेर जाऊन रिकाम्या भिंतीकडे बघत उभे राहिले आणि परत आले. मी भांडी जरा आपटली.

म्हणजे तुझा आकडा बरोबर आहे, एवढं मी मान्य करते. ह्यांनीच सांगितला. आता तुझ्यावर रागवायचं की ह्यांच्यावर, हेच समजेनासं झालंय, आणि राग तर एवढा आहे की दोघांना पुरून उरेल.

ताई


२ एप्रिल

धाकटे,

सापडलं. आणि सापडल्यावर राग पुन्हा फिरून तुझ्याच दारात आलाय. नीट बसून वाच.

काल आत ह्यांच्या पायाचे उपचार चालू होते आणि आम्ही बायका बाहेरच्या बाकांवर. मी एकेकीला विचारलं, तुमच्या ह्यांनी किती सांगितलं गं? पलीकडच्या गल्लीतल्या टेलरची बायको म्हणाली, तीन. टेलर म्हणजे ते पाठीचा मणका गेलेले. मशीनवर वाकले की सरळ व्हायला त्यांना दोन माणसं लागतात. लिफ्टमनची बायको म्हणाली, दोन. त्या माणसाचा हात कोपरापासून नाही आणि नसलेली बोटं त्याला पिळवटल्यासारखी दुखतात. दोन! ज्याला सगळे 'पोपट' म्हणतात, दिवसभर बडबडतो तो, त्यानंही तीन. कुणाचाच तिनाच्या वर नाही. माझं डोकं भणाणून गेलं. मी म्हटलं, हे सगळे मिळून ठरवून आले होते की काय?

पोपट पलीकडच्या बाकावरून ऐकत होता. तो म्हणाला, "ठरवायचं काय त्यात, वहिनी? साहेब तीन म्हणाले."

साहेब म्हणजे ह्यांचे मेजर. एकाच तुकडीतले हे सगळे. तुझ्या शहाण्या सहायकांनी काय केलं माहीत आहे? माहीतच असणार. सगळ्यांना गोल बसवलं, मानानं सर्वांत आधी मेजरांना विचारलं, आणि मग बाकीच्यांना. सगळ्यांसमक्ष. मोठ्या आवाजात.

मेजर म्हणाले, तीन.

आता त्यांच्यानंतर कोण पाच म्हणणार? कोण आठ म्हणणार? ह्या लोकांचे निवृत्त होऊन केस पिकले, पण आजही केंद्राच्या व्हरांड्यात खिडकीजवळची खुर्ची साहेबांची असते. साहेबांनी चहाचा पहिला घोट घेतल्याशिवाय कुणी कप तोंडाला लावत नाही. साहेबांना तीन दुखत असताना आपल्याला सात दुखणं म्हणजे साहेबांच्या पुढे चालणं! पोपटानं मला हे इतक्या सहज सांगितलं की मला क्षणभर तेच बरोबर वाटलं. लिफ्टमन तर आणखी एक पायरी खाली उतरला, कारण तो टेलरच्याही हाताखाली होता.

हे तुझ्या सहायकांना माहीत नव्हतं, मान्य. पोरं आहेत. पण तुला माहीत होतं, धाकटे.

आठव. मेजर आमच्याकडे जेवायला आले होते. सबंध संध्याकाळ ह्यांनी डाव्या पायातला बूट काढला नाही. घरात! साहेब जिना उतरून गेले आणि हे मोरीच्या उंबऱ्यावर बसले. मी लेस सोडत होते, तू पाणी ओतत होतीस. तू विचारलंस, "भावोजी, इतकं दुखत होतं तर बूट का नाही काढलात?" हे म्हणाले, "साहेब होते ना." तू आठवडाभर हसत होतीस. कुणी काही विचारलं की म्हणायचीस, "साहेब होते ना!"

ते तू विसरलीस? एवढी शिकलीस, आणि जे आमच्या मोरीत शिकलीस तेच नेमकं विसरलीस?

ताई


२१ एप्रिल

धाकटे,

या वेळचं पत्र तू हातानं लिहिलंस. अक्षर अजून तसंच कोंबडीच्या पायासारखं आहे, पण वाचलं.

एकच खोली मिळाली होती, वेळ कमी होता, सहायकांनी गोल बसवायचं विचारलं आणि तू हो म्हणालीस. निदान 'हो मीच म्हणाले' असं लिहिलंस, आडवळणं घेतली नाहीस. मोरीतला प्रसंग वाचून तुला जेवण गेलं नाही म्हणतेस. नाही गेलं तर नाही गेलं. एक वेळ.

तू मागितलेल्या फेरतपासणीला तुझ्या संशोधन समितीची परवानगी मिळाली हे चांगलं झालं. एकेकाला बंद दाराआड विचारायचं आणि आकडा काय सांगायचा हे कुणी कुणाला सुचवायचं नाही, ही अटही कळली. पण बाई, दार बंद केलं म्हणून साहेब दाराबाहेर राहतात का? ते ह्यांच्या डोक्यात बसलेत. मी ह्यांना म्हटलं, आता एकट्यात विचारणार आहेत, खरं सांगा. तर म्हणाले, "एकदा साहेबांसमोर तीन म्हटलंय. आता पाठीमागे दुसरंच सांगू? चुगली वाटेल ती." स्वतःच्या पायाची चुगली! मी हात टेकले.

म्हणून मी मेजरांकडे गेले. ह्यांना न सांगता.

तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. मी खालच्या दारातून आत शिरले आणि वर बघितलं, तर साहेब जिन्यात. पायरीवर बसलेले, तोंड खाली, पाठ वरच्या मजल्याकडे. दोन्ही हात मागच्या पायरीवर टेकायचे, अंग उचलायचं, वरच्या पायरीवर बसायचं. लहान मूल जिना चढतं तसं. शेजारी दुधाची पिशवी. ती पण एकेक पायरी वर ठेवत होते.

मला बघितलं आणि चेहरा असा केला की जणू हवा खायलाच बसलेत. "वहिनी, तुम्ही काही पाहिलं नाहीत," म्हणाले.

मी म्हटलं, "सगळं पाहिलं. दूध आणा इकडे."

धाकटे, त्या माणसासमोर कुणी आवाज चढवत नाही. मी जिन्यात उभी राहून चढवला. म्हटलं, हे तीन आहे का? बसत बसत, मागच्या मागे जिना चढता आणि पोरांसमोर तीन सांगता? तुमच्या तिनाखाली माझा नवरा, टेलर, लिफ्टमन, पोपट, सगळे चेंगरलेत. आता कक्ष बंद होतोय. तुमची ऐट सांभाळायला आमच्या घरात आणखी किती वर्षं फळांचं क्रेट झोपवायचं?

एका मजल्यावरून कुणीतरी दार उघडून पाहिलं आणि परत लावलं.

त्यांनी दुधाची पिशवी माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "वहिनी, समोर माझी पोरं बसली होती. मी नऊ म्हटलं असतं तर त्यांचं काय झालं असतं?"

"काय होणार होतं? त्यांचं आठ झालं असतं!"

खरं सांगते, ते हसले. अगदी थोडं. आणि मग त्यांना हसणंही दुखलं, ते मी बघितलं.

मी कुठलाही आकडा सांगा म्हटलेलं नाही, तुझी अट मोडलेली नाही. एवढंच म्हटलं, "त्या दिवशी सगळ्यांत पुढे जाऊ नका." त्यांनी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दूध मी वर नेऊन ठेवलं. ते मागून आले, बसत बसत. मी वळून पाहिलं नाही, तेवढी रीत मलाही आहे.

ताई


१८ मे

धाकटे,

फेरतपासणी झाली. या वेळीही तू घरी आली नाहीस. नियम. ठीक आहे. तुझ्या सहायकांनी दार लावून घेतलं होतं, त्यामुळे आत काय झालं ते मला माहीत नाही. बाहेर काय झालं ते सांगते.

सगळे लवकर येऊन बसले होते. खिडकीजवळची खुर्ची रिकामी. तुझी सहायक मुलगी दोनदा बाहेर येऊन म्हणाली, "या ना कुणीतरी." कुणी उठेना. पोपटसुद्धा गप्प. ह्यांनी जाड बूट घातले होते, लेस गच्च आवळलेली. मला ते बूट बघूनच कळलं की आज पुन्हा तीन. इतका संताप आला की मी पाण्याच्या नळापर्यंत जाऊन तोंड धुऊन आले.

मग मेजर आले. समोरच्या पायऱ्यांवरून नाही. स्ट्रेचर नेतात त्या बाजूच्या उतारावरून, हातात काठी. काठी! आजवर कुणी पाहिली नव्हती. उताराच्या मध्यावर ते थांबले, कठड्याला धरलं, तोंड वाकडं झालं, आणि ते त्यांनी लपवलं नाही. सगळे उठून उभे राहिले. धावत जाऊन धरावं असं प्रत्येकाच्या मनात, पण साहेबांना धरायचं कसं? शेवटी लिफ्टमन गेला. त्याचा चांगला हात साहेबांनी घेतला.

खिडकीजवळच्या खुर्चीकडे ते गेलेच नाहीत. दाराशी पहिल्याच बाकावर बसले, कडेला. म्हणाले, "आज मी शेवटी." एवढंच. आकड्याचा शब्द नाही. काठी वापरणं म्हणजे सुचवणं नव्हे असं मी ठरवलं आहे. तुझ्या समितीला विचारत बसू नकोस.

एकेक जण आत जाऊ लागला. टेलर बाहेर आला तो डोळे पुसत, आणि कुणाकडे न बघता भिंतीला पाठ लावून उभा राहिला. पोपट इतका वेळ आत होता की ती मुलगी दमली असेल.

ह्यांची पाळी आली. हे उठले. परत बसले. मला वाटलं, संपलं. तर ह्यांनी वाकून डाव्या बुटाची लेस सोडली. बूट काढून माझ्या मांडीवर ठेवला, जसा काही मीच मागितला होता, आणि साहेबांसमोरून डाव्या पायानं अनवाणी आत गेले. मेजर त्या पायाकडे बघत होते. लालबुंद, चकाकता पाय. म्हणाले, "वहिनी, हा मी कधी पाहिलाच नव्हता."

मी म्हटलं, "तुम्ही दाखवू दिलात कधी?" बोलले आणि मग वाईट वाटलं. पण परत घेतलं नाही.

ताई


९ जून

धाकटे,

दारावरचा कागद काढला. फिजिओबाईंनी आज मला बोलावून सांगितलं, नवे आकडे पाहून कक्ष चालू ठेवायचं ठरलं. ह्यांच्या पायात मोजा आहे. पातळ, पण मोजा. दात अजून आवळतात, पण आता ओरडतातही. मांजराला शिव्या देतात.

परवाचं सांगते. जेवायला बसलो होतो. हे म्हणाले, "अगं, जरा पाणी देतेस? मला उठवत नाही."

मला उठवत नाही! लग्न झाल्यापासून हे वाक्य मी ऐकलं नव्हतं. तांब्या आणायला स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून रडले. आनंदानं नाही, रागानं. एवढीशी तीन शब्दांची गोष्ट, आणि ती ऐकायला मला सरकारी संशोधन दोनदा करावं लागलं! पाणी दिलं. ह्यांनी विचारलं, डोळे का लाल? मी म्हटलं, हे पाणी वेगळं.

पण हे पत्र त्यासाठी नाही. फिजिओबाईंनी आणखी एक सांगितलं. तू तुझा तो शोधनिबंध मागे घेतलास. चूक सहायकांची नाही, माझी, असं सहीनिशी छापून दिलंस. त्याबद्दल तुझ्याकडून पुढचं सगळं काम काढून घेतलं आणि तुझ्याच हाताखाली शिकलेल्या माणसाच्या हाताखाली तुला बसवलं. हे मला केंद्रातल्या बाईनं सांगायचं? आणि तू मला मागच्या पत्रात काय लिहिलंस? काढून समोर ठेवलंय. 'इकडे सगळं ठीक, ताई. कामाचा थोडा ताण, बाकी काही नाही.'

ठीक. थोडा. बाकी काही नाही.

लाज नाही वाटत? मला तीन सांगतेस?

अगं, मी तीन महिने तुला नाही नाही ते बोलले. ते बोलणं मी मागे घेत नाही, तू चुकली होतीसच. पण तू तिकडे सगळं गमावत होतीस आणि मला कळू दिलं नाहीस, म्हणून आज मी तुझ्यावर पहिल्या पत्रापेक्षाही जास्त चिडले आहे. तुझ्या भावोजींची शिकवण चांगलीच अंगी बाणली म्हणायची. तू पण बूट घालूनच बसलीस माझ्यासमोर.

तर आता ऐक. या घरात मोठी मी आहे. म्हणून पहिला आकडा माझा, आणि तो मी मोठ्यानं सांगते, शेजारच्यांनी ऐकलं तरी चालेल. तुझ्याशी धड बोलत नव्हते त्या सगळ्या दिवसांचे माझे नऊ.

आता तू सांग, किती?

तुझी ताई